देवाचे दागिने, वाघ आणि महापौर

जन्माष्टमीच्या दिवशी ग्वाल्हेरात बँकेचं एक लॉकर उघडतं आणि त्यातून देवाचे दागिने बाहेर येतात. फूलबागेतल्या गोपाळ मंदिरातल्या राधाकृष्णाचे. माधवराव शिंद्यांनी १९२१ साली हे मंदिर उभारलं आणि देवाला पाचू, मोती, हिरे, माणकं, सोन्याचा मुकुट असं पुष्कळ काही घातलं. वर्तमानपत्रं दरवर्षी त्याची किंमत कोटींमध्ये छापतात आणि दरवर्षी आकडा थोडा फुगतो. बंदूकधारी पोलिसांच्या पहाऱ्यात पेटी मंदिरात येते, यादी वाचून एकेक नग ताडून बघितला जातो, मग देवाला साज चढतो. मध्यरात्री जन्म झाला, दर्शन आटोपलं की पुन्हा यादी, पुन्हा पेटी, पुन्हा लॉकर. देव एका दिवसाचे श्रीमंत.

या सगळ्या सोहळ्यात पुढे उभे असतात ते शहराचे महापौर आणि निगमायुक्त. मंदिर नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, ताब्यात आहे, म्हणून दागिनेही निगमचे. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं ते तिजोरीत कुलूपबंद पडून होते. २००७ मध्ये विवेक शेजवलकर महापौर असताना ते बाहेर काढून देवाला घालायची प्रथा सुरू झाली. तेव्हापासून महापौर बदलले, पक्ष बदलला, मधली काही वर्षं महापौरच नव्हता. प्रथा चालू आहे.

मला हा प्रकार फार आवडतो. भक्तिभावाने आवडतो असं म्हटलं तर खोटं होईल. राजाने देवाला दिलेला ऐवज आता गल्लीबोळात मतं मागून निवडून आलेल्या माणसाच्या जबाबदारीवर बाहेर निघतो आणि त्यात कुणालाच काही विशेष वाटत नाही, याची मला गंमत वाटते. ग्वाल्हेरसारख्या गावात तर जास्तच. इथे आजही चार म्हातारी माणसं बोलायला बसली की ‘सरकार’ म्हणजे भोपाळचं की शिंद्यांच्या जयविलास महालातलं, हे संदर्भावरून ओळखावं लागतं.

फूलबागेत उभं राहिलं की महापौरांच्या संसाराचा आवाका कळतो. मंदिर झालं. त्याच परिसरात प्राणिसंग्रहालय आहे, तेही निगमचं. म्हणजे पांढरा वाघ हा एका अर्थाने महापौरांच्या घरचा. जवळच संग्रहालय आहे, निगमचंच. मुरारकडे लाल टिपाऱ्याला गोशाळा आहे, हजारो गाईंची. तिथे आता दिवसाला शंभर टन शेणावर चालणारा गॅसचा प्रकल्प उभा राहिला आहे. त्याशिवाय स्मशानं, रस्त्यावरचे दिवे, गटारं, मोकाट कुत्री, जन्माचे आणि मृत्यूचे दाखले. माणसाची पहिली नोंद आणि शेवटची नोंद दोन्ही ज्या कार्यालयात होतात, त्या कार्यालयाचा हा मुख्य.

आता त्यांच्याकडे काय नाही ते बघा. शहराचं पाणी तिघरा धरणातून येतं, पण धरण राज्याच्या जलसंसाधन खात्याचं. शहर कुठल्या दिशेने वाढायचं ते नगर व ग्राम निवेश खातं ठरवतं. वसाहती वसवायचं काम विकास प्राधिकरणाकडे आणि हाउसिंग बोर्डाकडे. स्मार्ट सिटीचा पैसा आला तो वेगळ्या कंपनीकडे, तिचे अध्यक्ष कलेक्टर. आयुक्त भोपाळहून नेमून येतात आणि भोपाळच्या आदेशानेच जातात. जकात बंद झाली तेव्हा तिच्या बदल्यात राज्याने भरपाई द्यायचं ठरवलं. ती ‘चुंगी क्षतिपूर्ती’ आजही भोपाळहून येते आणि तिच्यात काटछाट झाली की निगमच्या पगाराचं गणित कोलमडतं. थोडक्यात, वाघ महापौरांचा, पण वाघाच्या मटणाचे पैसे भोपाळच्या मर्जीवर.

आमचे नाना कोर्टात कारकून होते. संध्याकाळी गोटेतली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, माणसं त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायला येत. नळाचा अर्ज, भिंतीचा अर्ज, वारसाचा अर्ज. नाना आधी कागद पुढे ओढत नसत. विचारत, “अर्ज कुणाला करायचाय?” समोरचा माणूस गोंधळून म्हणे, “सरकारला.” मग नाना अर्धा तास खर्च करून ते सरकार शोधून काढत: निगम, कलेक्टर, महालाचा ट्रस्ट, भोपाळ. “सेवेत” हा शब्द लिहिल्यावर पुढची ओळ बरोबर पडली की अर्धं काम झालं, असं ते म्हणायचे. महापौरपदाचा विचार करताना मला कायद्याच्या कलमांआधी नानांचा हा प्रश्न आठवतो.

कारण आमच्या शहराला अर्ज वरच करायची सवय. ते स्वाभाविकही आहे. शहराचा आमचा भाग, लश्कर, हे मुळात गाव नव्हतंच, दौलतराव शिंद्यांचा तळ होता. १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी पडली ती उठलीच नाही. तंबूंची घरं झाली, सरदारांच्या गोटांचे मोहल्ले झाले. निंबाळकर की गोट, चिटणीस की गोट, फाळके बाजार, शिंदे की छावनी, कंपू. एकीकडे जुनं ग्वाल्हेर, दुसरीकडे लश्कर, तिसरीकडे इंग्रजांची मुरार. तीन गावं, तीन स्वभाव. छावणीत राहणाऱ्या माणसाला नगरसेवक लागत नाही, त्याला सरदार लागतो. आमच्याकडे आजही वॉर्डातली भांडणं त्याच थाटात सुटतात: जवळच्या मोठ्या माणसाला गाठायचं आणि “जरा शब्द टाका” म्हणायचं.

ग्वाल्हेरची नगरपालिका १८८७ सालची. आदल्या वर्षी जयाजीराव वारले होते, माधवराव अवघे दहा-अकरा वर्षांचे होते आणि राज्य रीजन्सी कौन्सिल चालवत होतं. म्हणजे शहराच्या कारभाराची ही संस्था जन्मली तेव्हा गादीवर बसलेला मालक अजून लहान होता. या योगायोगातून फार अर्थ काढू नये, पण मला तो विसरता येत नाही. पुढे १८९४ मध्ये माधवरावांना पूर्ण अधिकार मिळाले आणि मग या उत्साही माणसाने शहराला इतकं काही दिलं की शहराने मागायचं तेवढं शिल्लक ठेवलं, करायचं काही ठेवलं नाही. जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरवणारा राजा म्हणून पर्यटक त्यांना ओळखतात. आम्ही तिघरासाठी ओळखतो. सांक नदीवर १९१६ मध्ये बांधलेलं हे धरण. त्याचे आपोआप उघडणारे दरवाजे विश्वेश्वरय्यांच्या कल्पनेतले. दुसऱ्याच पावसाळ्यात, १९१७ च्या ऑगस्टमध्ये, पायातल्या वालुकाश्मातून पाणी झिरपून धरण फुटलं. पुन्हा बांधलं. शंभर वर्षं होऊन गेली, शहर अजून त्याच धरणाचं पाणी पितं. त्यानंतर आलेल्या इतक्या महापौरांपैकी कुणालाही तिघरा पुरवून पुरवून वाटण्यापलीकडे फारसं जाता आलं नाही. चंबळचं पाणी आणायची योजना आता पुढे सरकते आहे. आणली तर ती शहराच्या इतिहासातली दुसरी मोठी घटना म्हणावी लागेल.

१९४८ मध्ये संस्थानं जाऊन मध्य भारत झाला. जिवाजीराव राजप्रमुख झाले, ग्वाल्हेर हिवाळ्याची राजधानी, इंदूर उन्हाळ्याची. मोती महालात विधानसभा भरू लागली. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि आमच्या हातात उरला तो त्याच वर्षीचा महापालिका कायदा. गावातल्या जुन्या मंडळींना राजधानी गेल्याचं दुःख महापौर मिळाल्याच्या आनंदापेक्षा कितीतरी मोठं होतं. तो हिशेब चुकीचा नव्हता.

त्या काळातलं महापौरपद म्हणजे मानाचं पान. पार्षदांनी, म्हणजे नगरसेवकांनी, आपल्यातून एकाला एका वर्षासाठी निवडायचं. त्याने सभा चालवायची, पाहुण्यांना हार घालायचे, उद्‌घाटनं करायची आणि वर्ष संपलं की खुर्ची पुढच्याला द्यायची. कारभाराचा अधिकार आयुक्ताचा. शिवाय राज्य सरकारला परिषद आवडली नाही की ती बरखास्त होई, प्रशासक येई आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबत. वर्षभरात माणूस फायली कुठे ठेवतात तेवढं शिकतो. तरी त्या पदाला मान होता, कारण वकील, डॉक्टर, जुने व्यापारी अशी माणसं तिथे बसत आणि त्यांची घरं सगळ्यांना ठाऊक असत.

त्यातलंच एक घर शेजवलकरांचं. नारायण कृष्ण शेजवलकर पेशाने वकील, जनसंघाचे. ग्वाल्हेरचे महापौर झाले आणि पुढे १९७७ आणि १९८० मध्ये इथून लोकसभेवर निवडून गेले. मराठी घरांमध्ये त्यांच्याबद्दल जो आपलेपणा होता त्यात राजकारण किती आणि आडनाव किती, हे वेगळं काढणं कठीण. लश्करातल्या मराठी माणसाने शिंद्यांबरोबर येताना फौज, दप्तर, संगीत आणि पंगत आणली होती. संस्थान गेल्यावर फौज आणि दप्तर गेलं, संगीत आणि पंगत राहिली. अशा वेळी आपल्यातला एक माणूस शहराचा प्रथम नागरिक होतो, याने त्या पिढीला जरा आधार वाटला असावा. आमच्याकडे तरी वाटला होता.

आणि इथे ग्वाल्हेरची एक खोड सांगितली पाहिजे. १९८४ मध्ये अटलबिहारी वाजपेयी इथून लोकसभेला उभे राहिले. इथेच जन्मलेला, इथेच शिकलेला माणूस. अगदी शेवटच्या घटकेला काँग्रेसकडून माधवराव शिंद्यांनी (मंदिर बांधणाऱ्या माधवरावांच्या नातवाने) अर्ज भरला आणि वाजपेयी पावणेदोन लाखांच्या आसपास मतांनी हरले. त्यानंतर १९९८ पर्यंत प्रत्येक वेळी माधवरावच जिंकले, एकदा तर काँग्रेस सोडून स्वतःच्या पक्षावर. पण या सबंध काळात निगमात काँग्रेसचा महापौर बसला नाही. दिल्लीला महाल, मोहल्ल्याला जनसंघ आणि नंतर भाजप. महाराजांना मत देणं ही निष्ठा. नाली तुंबली तर महाराजांकडे कोण जाणार? त्यासाठी हाताशी असलेला माणूस हवा, ज्याला रागावून बोलता येतं.

माझ्या या सिद्धांताला भोकं आहेत, हे मला माहीत आहे. महाल तरी कुठे एक होता? राजमाता एका पक्षात, चिरंजीव दुसऱ्या पक्षात, आणि दोघांचेही समर्थक एकाच वाड्याकडे बघून नमस्कार करणारे. शिवाय निगमाच्या निवडणुकीत पार्षदाची जात, गल्ली आणि व्याही हे पक्षाच्या आधी येतात. तरी मतदार म्हणून ग्वाल्हेरकर महापौराला वेगळ्या तराजूत तोलतो, हे माझं मत कायम आहे.

१९९३ मध्ये ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि खेळ बदलला. ठरावीक मुदत, ठरावीक निवडणुका, महिलांना आरक्षण. मध्य प्रदेशाने पुढे एक मोठी उडी घेतली: १९९९-२००० च्या निवडणुकीपासून महापौर थेट जनतेतून. सोबत ‘मेयर इन कौन्सिल’, म्हणजे महापौरांचं छोटं मंत्रिमंडळ, आणि सभा चालवायला वेगळा सभापती. त्याच वेळी खुर्ची काढून घ्यायचाही हक्क दिला. तीन चतुर्थांश पार्षदांनी सह्या केल्या की जनता पुन्हा मत देते, चिन्हं दोनच: भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. राज्यातल्या काही नगराध्यक्षांच्या खुर्च्या तशा रिकाम्या झाल्याही. त्याच पहिल्या थेट निवडणुकीत कटनीच्या मतदारांनी कमला जान या किन्नराला महापौर केलं. जागा महिलांसाठी राखीव होती, म्हणून कोर्टाने ती निवड रद्द ठरवली. लोकांनी ज्याला निवडलं त्याला कायद्याच्या कुठल्या रकान्यात बसवायचं, हा प्रश्न तेव्हा हसण्यावारी नेला गेला. आज तो तितका हसण्यासारखा वाटत नाही.

थेट निवडणुकीने महापौराचं वजन एकदम वाढलं. सबंध शहराने मत दिलेला माणूस! आमच्या निगमची हद्द तीन-चार विधानसभा मतदारसंघांत विभागलेली आहे. म्हणजे एका आमदारापेक्षा महापौराचे मतदार कितीतरी जास्त, पण अधिकार कमी आणि निधीसाठी त्याच आमदाराच्या सरकारकडे जायचं. हे लग्न सुखाचं होणं अवघडच. आमदारांना महापौर म्हणजे उद्याचा तिकीटमागू वाटतो, आणि बहुतेक वेळा तो असतोच.

ग्वाल्हेरात २००० मध्ये पूरनसिंह पलैया थेट निवडून आले, मग २००५ मध्ये विवेक शेजवलकर, म्हणजे नारायणरावांचे चिरंजीव. बापलेक दोघंही महापौर, दोघंही पुढे खासदार. २०१० मध्ये समीक्षा गुप्ता आल्या, २०१५ मध्ये पुन्हा शेजवलकर, आणि २०१९ मध्ये ते लोकसभेवर गेले. समीक्षा गुप्तांची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये त्यांना विधानसभेचं तिकीट मिळालं नाही, तेव्हा ग्वाल्हेर दक्षिणमधून त्या अपक्ष उभ्या राहिल्या. स्वतः हरल्या, पण भाजपचा उमेदवार तिथे १२१ मतांनी पडला. एकशे एकवीस! माजी महापौर म्हणजे निव्वळ भिंतीवरचा फोटो नव्हे, हे त्या दिवशी पक्षाला चांगलंच कळलं असणार.

या सगळ्यांच्या काळात काय झालं, काय राहिलं याची यादी करत बसण्यात मला रस नाही. एकच जागा सांगते. स्वर्णरेखा. १८५८ च्या जूनमध्ये झाशीची राणी जिच्या काठी पडली ती ही नदी. समाधी फूलबागेजवळ आहे, दरवर्षी तिथे बलिदान मेळा भरतो, भाषणं होतात, हार पडतात. आणि शेजारून नदी वाहते ती नाला होऊन. तिचा तळ आणि काठ सिमेंटचे झाले, तिच्यात नावा चालवायची स्वप्नं दाखवली गेली, आता तिच्यावरून खांबांवर रस्ता जातो आहे. प्रत्येक महापौराने तिच्यासाठी काहीतरी करायचं म्हटलं. पण नदीत शहराचं सांडपाणी सोडायचं थांबवणं हे पाच वर्षांत फीत कापण्याजोगं काम नाही. जमिनीखालच्या नळ्यांवर कुणाचं नाव कोरता येत नाही, हे त्या कामाचं दुर्दैव.

माझी इंदूरची वहिनी आली की पहिल्या दिवशी रस्त्याकडे बघत नाही. दुसऱ्या दिवशी राहवत नाही. “तुमच्याकडे अजून ओला-सुका वेगळा नाही करत?” २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा देशात पहिला नंबर आलेलं शहर, बोलणारच. पण तिला मी एक सांगते, आणि ते खरं आहे. इंदुरात ते घडलं तेव्हा महापौर मालिनी गौड आणि आयुक्त मनीष सिंह एकाच दिशेला ओढत होते आणि भोपाळ मधे पाय घालत नव्हतं. तिघांचं जमलं की महापौरपद केवढं मोठं होतं ते इंदूरने दाखवलं. न जमलं तर काय होतं, ते बघायला फार लांब जावं लागत नाही. वहिनी म्हणते, लोकांनी साथ दिली. तेही खरंच. पण लोक साथ देतात ती गाडी रोज ठरल्या वेळी आली तर.

शेजवलकर दिल्लीला गेले, २०२० च्या जानेवारीत परिषदेची मुदत संपली आणि मग अडीच वर्षं ग्वाल्हेरला ना महापौर, ना परिषद. आधी कमलनाथ सरकारने महापौर पुन्हा पार्षदांमधून निवडायचा कायदा केला, मग सरकारच पडलं. शिवराजसिंहांनी तो फिरवला. मग करोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात. प्रशासकाच्या राजवटीत दिवे लागत होते, कचरा उचलला जात होता. काहींना तर हेच बरं वाटलं: कटकट नाही, बॅनर नाहीत, वाढदिवसाची होर्डिंगं नाहीत. मला ते बरं वाटलं नाही. नाना असते तर त्यांना अर्जाची पुढची ओळ लिहिताना पेन थांबवावं लागलं असतं. प्रशासक अर्ज घेतो, नियमाने उत्तरही देतो. पण पुढच्या वेळी आपल्या दारात मत मागायला यायचं आहे ही धास्ती त्याला नसते. अधिकार कमी असलेला महापौर का हवा, याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

जुलै २०२२ मध्ये निवडणूक झाली. महापौरपद महिलेसाठी राखीव होतं. काँग्रेसच्या शोभा सिकरवार २८,८०५ मतांनी भाजपच्या सुमन शर्मांना हरवून निवडून आल्या. बातम्यांमध्ये एकच आकडा गाजत होता: ५७ वर्षांनी काँग्रेसचा महापौर. मजा अशी की त्याआधी दोनच वर्षं, मार्च २०२० मध्ये, ज्योतिरादित्य शिंदे काँग्रेसमधून भाजपमध्ये गेले होते. महाल काँग्रेसमध्ये होता तेव्हा निगम भाजपकडे. महाल भाजपमध्ये गेला आणि निगम काँग्रेसकडे आलं. मी माझ्या सिद्धांताची पाठ थोपटून घेतली, घरात कुणी ऐकलं नाही. यांचं म्हणणं, तिकीटवाटपात घोळ झाला म्हणून भाजप हरला, बाकी काही नाही. कदाचित तसंही असेल.

शोभाताई आधी पार्षद होत्या आणि त्यांचे पती सतीश सिकरवार आमदार. राखीव जागेवर आमदाराची पत्नी उभी राहिली की जी कुजबुज होते ती झालीच. मला त्या कुजबुजीचा कंटाळा आहे. शेजवलकरांच्या बाबतीत वडिलांचं नाव मुलाला ‘परंपरा’ म्हणून लाभतं आणि बाईला नवऱ्याचं नाव ‘रबर स्टॅम्प’ म्हणून चिकटतं, हा न्याय कुठला? काम बघा आणि मग बोला. काम बघायला मात्र एक अडचण आहे. महापौर काँग्रेसच्या, ६६ पार्षदांमध्ये जोर भाजपचा, सभापती भाजपचे आणि भोपाळही भाजपचं. जलविहारात परिषदेची बैठक असली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिलं वाक्य बहुतेक गोंधळाचं असतं. कायद्याने महापौराला निवडून यायला सबंध शहर दिलं आणि कारभार करायला अर्धी परिषद दिली. थेट निवडणुकीचा हा भाग कायदा करणाऱ्यांनी नीट विचारात घेतला नव्हता असं मला वाटतं. महापौर आणि परिषद एकमेकांच्या विरुद्ध निवडून आली तर शहराचं बजेट कुणाचं?

मराठी माणसांचं म्हणाल तर आता महापौर आमच्या मतांनी ठरत नाही. पोरं पुण्याला, बंगळुरूला गेली. गोटेतले वाडे विकले गेले, तिथे दुकानांचे गाळे झाले. गणपतीत मंडपात उमेदवार येतात, “जय महाराष्ट्र” म्हणतात (कुणीतरी त्यांना शिकवून आणलेलं असतं), मोदक खातात आणि जातात. पुढचा महापौर मराठी असावा असं मला वाटतं का? खरं सांगायचं तर आता नाही वाटत. फाळके बाजारात नाली साफ झाली तर ती कुठल्या आडनावाने केली हे मी विचारणार नाही. मात्र शहराचा मुख्य माणूस घरी कुठे राहतो हे माहीत असावं, त्याच्या दाराशी जाऊन उभं राहता यावं, एवढी जुन्या लश्करची सवय माझ्यात उरली आहे.

पुढची निवडणूक २०२७ मध्ये. आरक्षणाच्या चिठ्ठ्या अजून निघायच्या आहेत, पण नया बाजारात आत्तापासून शुभेच्छांचे बॅनर लागायला लागले आहेत. कुणाला कशाच्या शुभेच्छा ते अस्पष्ट. आमच्या आत्याने तयारी केली आहे. वय झालंय, पण पेपरात तिघराची पातळी कुठे छापतात ते तिला डोळे मिटून सापडतं. धरण ७४० फुटांना भरतं, हे तिला स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ आहे. तिने घरात बजावून ठेवलंय, कुठल्याही पक्षाचा उमेदवार आला तरी त्याला दारातून परत पाठवायचं नाही. आत घ्यायचं, खुर्ची द्यायची, चहा ठेवायचा. मग ती बाहेर येऊन एकच विचारणार आहे, आज पातळी किती आहे, सांगा.